लोनलीपुढची मोकळी जागा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. जुना म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. राहात्यात चर्चच्या मागच्या आळीत, इसहाक मास्तरांच्या ओट्यावर मी टांगलेला असतो.

आधी मी शाळेत होतो. तिथं मला अडगळीत टाकलं, तेव्हा मास्तरांनी निवृत्तीच्या दिवशी मला मागून घेतलं. लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात, हे फळा घेऊन आले! त्यांच्या बायकोनं, साराबाईंनी, कपाळाला हात लावला. शाळेच्या दर सुट्टीत मास्तर रेडिओच्या संपलेल्या सेलांमधला कोळसा कुटून, भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवून मला काळाभोर करत. तेव्हाचा माझा थाट काय सांगू!

रोज सकाळी ते माझ्यावर इंग्रजी शब्दांची एक जोडी लिहीत. दिसायला सख्खे भाऊ, पण स्वभाव निराळे, असे शब्द. हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. मग मोठ्यानं म्हणत, "आमची सारा चाळीस वर्षं नुसतं हिअर करतीय, लिसन एकदाही नाही!" आतून उत्तर येई, "ऐकलं म्हणून तर संसार झाला!" शाळेला निघालेली पोरं खो खो हसत. संध्याकाळी ओल्या फडक्यानं मला पुसायचं, ही रीत.

मागच्या वर्षी जानेवारीत एका सकाळी त्यांनी लिहिलं, 'अलोन – एकटा, जवळ कुणी नाही.' खाली लिहिलं, 'लोनली –' आणि खडू हातातून गळून पडला. मास्तर दवाखान्यातून परत आले नाहीत.

तेव्हापासून साराबाई मला कुणाला पुसू देईनात. पावसाळ्यात त्यांनी माझ्यावर प्लॅस्टिक बांधलं. बजरंग दूधवाला एकदा म्हणाला, "मावशी, फळा पडूनच हाय. पुसून दुधाच्या येळा लिवू का?" बाई कडाडल्या, "हात तर लावून बघ!" त्यांचं तरी काय चुकलं? मास्तरांचं तेवढंच अक्षर उरलं होतं. पण माझा जीव तळमळायचा. मास्तरांची आठवण येई, आणि खडूची त्याहून जास्त येई. सांगायला लाज वाटते. पोरंही आता न थांबताच शाळेला जात.

वर्षभरानं एका दुपारी शेजारच्या कानिफनाथांची निकिता आली. ती दहावीला आहे.

"आज्जी, लोनली म्हंजे काय वो? मोबाईल दोन्हीला 'एकटा'च म्हनतोय. मास्तरांनी बरोबर सांगितलं असतं."

साराबाई ओट्यावर बसल्या.

"हे बघ पोरी, दुपारी मी घरात ज्वारी निवडत बसते. कुनी नसतं. ते अलोन. त्यानं काय दुखत न्हाई. पन रविवारी चर्च सुटलं का मी कोपऱ्यावर थांबते. हे सगळ्यांशी बोलत मागं रेंगाळायचे ना! सगळी आळी जवळून जाती, 'चला मावशी' म्हनती, अन् मी आपली थांबलेलीच. ते लोनली."

निकिताचे डोळे भरले. तिनं दप्तरातला खडू काढून पुढं धरला. "आज्जी, तुमीच लिवा."

बाईंनी मोकळ्या जागेत लिहिलं, 'सगळी असतात. आपलं माणूस नसतं.'

संध्याकाळी त्या ओलं फडकं घेऊन आल्या. निकिता धावली, "आज्जी, राहू द्या की!"

"हे असते तर राहू दिलं असतं का?"

आधी त्यांनी स्वतःचं अक्षर पुसलं. मास्तरांचं अक्षर मात्र एकेक करून, सावकाश पुसलं. मग फडकं तोंडाशी धरून त्या रडल्या.

आता निकिता इंग्रजी शब्द लिहिते, अर्थ साराबाई सांगतात. पोरं पुन्हा थांबतात. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपा, पण तिला कामाला लावून जपा. मी हे मनापासून सांगतो. ज्या खडूसाठी मी वर्षभर झुरलो, तो आता रोज अंगावर फिरतो. आणि रोज संध्याकाळी, पुसून कोरा झालो की मला वाटतं, मास्तरांचं ते एक अक्षर अजून एकच दिवस राहायला हवं होतं.