घाम न येणारी देवी

वैशाखातली दुपार. नागपूरजवळच्या वाडी गावात, अमरावती रोडवर ट्रकवालेसुद्धा गाडीखाली आडवे झालेले, पण गोदामामागच्या पत्र्याच्या मांडवात बायामाणसांची ही दाटी. जो तो ओल्या दुपट्ट्याने मान पुसत होता. समोर पाटावर पंचफुला बसली होती. अंगावर जाड घोंगडी, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही.

"पाहून घ्या," तिचा दीर चंपतराव सांगत होता, "साऱ्या नागपूरचं ऊन आई पिऊन राहिली. अन्न घेत नाही, तरी भरून राहिली. तुमची म्हैस कडब्याबिगर वाढते का गा? मंग हे शक्ती नाही तं काय आहे?"

बोलताना त्याच्या सदऱ्याची पाठ चिंब होती आणि नैवेद्याच्या आंब्याचा रस कोपरापर्यंत ओघळला होता.

कोणी विचारी, "आई, पोराले नोकरी लागन का?" पंचफुला बराच वेळ नुसती बघत राही. मग घोगऱ्या, खोल आवाजात एकच शब्द येई, "लागन." लोक आडवे पडत.

मीही पडले. माझी चतुर्थी, एकादशी चुकत नाही; पोथीचा अध्याय झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. पण उपासाने माणूस उतरतं, हे माझ्या अंगाला ठाऊक. ही तर सुजल्यासारखी दिसत होती. मी पायांवर डोकं ठेवलं तेव्हा तिने माझा हात धरला. हात थंडगार, खरखरीत.

"बस नं वं जराशी," ती हळूच म्हणाली. "सारे पाया पडते, बसत कोणीच नाही."

मी बसले. "काहीच खात नाहीस?"

"अर्धी पोळी खातो. जास्त जातच नाही. भाऊजी म्हन्ते, सांगू नको."

माझ्या माडीवर डॉक्टर शामला भाड्याने राहत असे. प्रयोगशाळेत उंदीर पाळून, भूक कशाने लागते आणि माणूस कशाने स्थूल होतं, याचा ती शोध घेत होती. घरात आम्ही दोघीच, तीही एकटी, मीही एकटी. रात्रीचं जेवण तेवढं सोबत. पंचफुलाचं ऐकून तिचा घास हातातच राहिला.

"काकू, तिच्या भुवयांची टोकं विरळ झालीत का?"

"झालीत खरी."

"उद्या मला न्या."

दुसऱ्या दिवशी पाया पडायच्या निमित्ताने शामला पुढे गेली, पंचफुलाला मांडवातल्या बाकावर गुडघे टेकून पाय मागे लोंबते ठेवायला सांगितलं आणि पिशवीतून रबरी हातोडी काढली.

"आईले ठोकता का तुम्ही?" चंपतराव उसळला.

"पहिले तुम्हालेच ठोकतो. या," शामला त्याच्याच बोलीत म्हणाली.

लोक हसले. नाही म्हणायची सोय उरली नाही; तोही तसाच बाकावर टेकला. त्याच्या टाचेमागच्या शिरेवर हातोडी बसताच पाऊल झटकन उडालं आणि तसंच परत आलं. मग पंचफुलाची पाळी. पाऊल उडालं, खाली येताना मात्र, दमलेल्या माणसाने हात टेकावा, तसं सावकाश आलं.

शामलाने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "इथं एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात जातो आणि शरीराचा जाळ किती ठेवायचा ते ठरवतो. यांचा रस आटला आहे. जाळ मंद, म्हणून घाम नाही, मेमध्ये थंडी वाजते. भूक कमी, पण शरीराचा खर्च त्याहून कमी. त्यात कातडीखाली सूज. म्हणून न जेवता वाढल्यासारख्या दिसतात. आवाजही सुजेनंच जाड झाला. उत्तर उशिरा येतं, कारण डोकंही सावकाश चालतं."

"हे देवीचं सत्त्व आहे," चंपतराव पुटपुटला.

"आजार आहे. असाच ठेवला तर झोप वाढत जाईल, आणि एखाद्या हिवाळ्यात त्या उठणार नाहीत. रोजच्या गोळीने बऱ्या होतील."

सगळे पंचफुलाकडे बघू लागले. नेहमीसारखाच वेळ लागला. मग ती म्हणाली, "मले बरं व्हाचं आहे. पण मंग कोणी येईन का माह्याजवळ?"

मी म्हणाले, "मी येईन."

नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात रक्त तपासलं. शामलाचं म्हणणं खरं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीपर्यंत सूज उतरली, आवाज बाईचा झाला, भूक लागू लागली. चंपतरावाच्या मांडवात आता ट्रकचे टायर असतात. तेव्हा पाया पडायला आलेल्या बाया तिच्या दारावरून जातात, पण थांबत नाहीत. 'देवी निघून गेली,' म्हणतात. गुरुवारी मी जाते, तेव्हा ती दारातच उभी असते.

माझी पूजा अजून चालू आहे. शरीरातल्या एका रसाचं काम कळलं म्हणून माझा देव उणा झाला नाही. एवढंच एक सांगते. तुमच्या घरातली बाई बदलली, जेवेनाशी झाली, तिचं वागणं कळेनासं झालं, तर तिला पाटावर बसवू नका. तिच्याजवळ बसा, काय होतं ते विचारा, आणि डॉक्टरकडे न्या.