मुद्दाम बेसूर

चोळीची नाडी बार्तोलोमेआनं स्वतःच हिसका देऊन आवळली, तशी ओर्सोलानं तिच्या हातावर चापट मारली.

“जीव घेशील स्वतःचा. गायचंय ना पोरी?”

“वाईट गायचंय, मावशी.”

दरबारच्या गायिकांना नटवण्यात ओर्सोलाची वीस वर्षं गेली होती. तिनं दातांतली टाचणी काढली.

“म्हणजे ठरलंच तुझं.”

ठरलं होतं. व्हेनिसच्या नाटकघराचा माणूस, सिन्योर बाल्बी, तिला न्यायला आला होता. पण ड्यूकसाहेबांच्या परवानगीच्या पत्राशिवाय दरबारची गायिका वेशीबाहेर पाऊल टाकू शकत नव्हती, आणि आवडलेली चीज साहेब कुणाला उसनी देत नसत. तिच्या आधीची गायिका कोस्तांझा अशाच वेळी सुरेख गायली, तिला सोन्याची साखळी मिळाली. पत्र नाही. ती अजून इथंच होती, केस पिकवत.

“आणि तो व्हेनिसवाला? तो बहिरा आहे?”

“इस्टरला चर्चमध्ये ऐकलंय त्यानं मला. घेईल समजून.”

“समजून घ्यायला तो काय तुझा मामा लागतो?”

रंगमंचावर विलाप सुरू झाला, नवऱ्यानं टाकून दिलेल्या राणीचा. बार्तोलोमेआनं वरचे सूर उतरवले, खालचे फरफटत नेले. वाद्याशी बसलेल्या मास्तरांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. डावीकडच्या सज्जात बाल्बी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

गाणं संपलं. साहेबांच्या आधी कुणी टाळी वाजवायची नसते. सगळे थांबले.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लगेच दरबार दणाणला. एका सरदारीणबाईंनी डोळे टिपले. साहेबांनी एक बोट वर केलं. म्हणजे पुन्हा गायचं.

बार्तोलोमेआ वाकायची विसरली. सहा वर्षं या टाळ्या ती खोलीवर नेत होती, उशाशी घेऊन निजत होती. आजच्या टाळ्यांचा आवाज अगदी तसाच होता. तसूभर कमी नाही, जास्त नाही.

सज्जात बाल्बी उठला होता, टोपी शोधत होता.

मास्तरांनी सूर दिला. उजवीकडच्या साहेबांच्या खुर्चीकडे तोंड करूनच गायचं, हा इथला नियम. राणी मेली तरी त्याच बाजूला मरायची. बार्तोलोमेआनं घागरा दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश वळली. साहेबांकडे तिचा खांदा आला, मग पाठ; समोर बाल्बीचा सज्जा.

पडद्याआड ओर्सोलानं छातीवर क्रूस काढला.

पहिला सूर चोख लागला तेव्हा दरबारातला एकही हातपंखा हलत नव्हता.