लोखंडाचं पाणी

"खाली उतरायचं नाही हं, हेनी. कितीही कंटाळा आला तरी."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" हेनीने मांडीवरची बिस्किटांची पिशवी घट्ट धरली. "तू जा. तुझं काम कर. कधी एकदा उरकतोस ते बघते."

गेरिट फेल्डहाउसने ट्रकचं दार लावलं आणि फवारणीचा पाइप ओढत प्रूडॉमबाईंच्या हिरवळीकडे निघाला. सकाळी सकाळी बायकोशी भांडण झालं होतं ते बुटांवरून. बूट तिने घातलेच नाहीत. शेवटी घरातल्या लोकरीच्या सपातांवरच तिला ट्रकमध्ये बसवावं लागलं. नवऱ्याच्या कामावर बायको नेण्याची रीत पोर्ट हॅलममध्ये नाही, आणि तो काम करायचा त्या डार्लीनच्या कंपनीत तर मुळीच नाही. पण हेनीपाशी बसणारी शेजारीण गाव सोडून गेली होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून हेनीला एकटं सोडायची सोय राहिली नव्हती. लेक मार्गो तासाभराच्या अंतरावर राहायची. तिने बजावलं होतं, "बाबा, आईच्या बाबतीत एकदा जरी काही झालं ना, तर मी तिचं वृद्धांच्या होममध्ये नाव घालणार. मग माझ्याशी वाद घालायचा नाही." म्हणून ट्रक. डार्लीनला माहीत नाही, मार्गोला माहीत नाही. चोरीचा मामला, हळूहळू बोंबला, तशातली गत.

मे महिना सरत आला होता आणि डँडेलियन नावाच्या तणाच्या पिवळ्या फुलांनी गाव भरून गेलं होतं. तणावरची जुनी विषारी औषधं सरकारने बंद केल्यापासून गेरिट लोखंडाचं पाणी मारत असे. चहासारखं दिसणारं. सकाळी मारलं की दुपारपर्यंत डँडेलियनची पानं कोळशासारखी काळी पडतात, आणि गवत मात्र अंगाला काही लावून न घेता उलट जास्तच हिरवं होतं. फक्त दगडावर, फरशीवर पडू द्यायचं नाही. पडल्या पडल्या काही दिसत नाही, वाळूनही जातं, आपण निर्धास्त होतो. मग तासा-दीड तासाने तिथे तांबूस गंज उगवतो. गिऱ्हाइकांना तो नेहमी सांगायचा, "हे पाणी चहाडखोर आहे. पण आळशी चहाडखोर. सावकाश सांगतं."

पुढचं आवार झालं, मागचं झालं. तो जाईल त्या बाजूच्या खिडकीतून प्रूडॉमबाई आपल्या नव्याकोऱ्या पांढऱ्या दगडी वाटेवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होत्या. पाइप गुंडाळत गेरिट ट्रकपाशी आला.

दार उघडं होतं. सीटवर बिस्किटांची पिशवी होती. हेनी नव्हती.

त्याने ट्रकमागे पाहिलं, कुंपणापलीकडे पाहिलं. हाक मारावी, तर खिडकीत प्रूडॉमबाई. त्यांना कळलं की डार्लीनला कळलं, आणि डार्लीनला कळलं की गावाला. त्याने हाक गिळली आणि धावत सुटला. धावणं म्हणायचं आपलं. उजवा गुडघा कधीच रिटायर झाला होता.

सरोवर. दुसरं कुठे जाणार ती? रविवारी दोघं कड्यावरच्या बाकावर बसायची. पाण्याकडे बघत हेनी तास न् तास गप्प राहायची. कड्याला कठडा होता, पण बुटका.

बाक रिकामा होता. गेरिट कठड्यावरून वाकला. खाली खडकांत काहीतरी निळं लाटेबरोबर हलत होतं. हेनीचा स्वेटर निळा होता. कठडा धरून तो नुसता बघत राहिला, आणि एका मोठ्या लाटेने ते निळं उलटं केलं. कुणाची तरी ताडपत्री होती.

त्याने खिशातला फोन काढला. पोलिसांना फोन म्हणजे मार्गो, आणि मार्गो म्हणजे होम. या विचाराची त्याला स्वतःचीच शरम वाटली, आणि तरीही त्याने फोन परत खिशात ठेवला. किनाऱ्याच्या पायवाटेवर दोन्ही बाजूंना, झुडपांत, धक्क्यापर्यंत त्याने तासभर शोधलं. एक कुत्रेवाला भेटला. त्याने काही पाहिलं नव्हतं.

घामाघूम होऊन तो प्रूडॉमबाईंच्या गल्लीत परतला, आणि कोपऱ्यावर थबकला.

फुटपाथवर गंज उगवला होता.

एक सपात. मग दुसरी. टाच नाही, बोटं नाहीत, नुसते लांबट गोल तळवे. लोकरीने ओल्या हिरवळीवरचं पाणी पोटभर पिऊन घेतलं होतं आणि पावलागणिक थोडं थोडं सांडलं होतं. ठसे सरोवराकडे वळतच नव्हते. ते उलट्या बाजूला, चढावर चालले होते. मघाशी याच फरशीवरून तो धावला होता, तेव्हा फरशीने काहीच सांगितलं नव्हतं.

तो ठसे बघत चढ चढू लागला. बेकरीसमोर ते स्पष्ट होते, चर्चपाशी फिकट, आणि पेट्रोलपंपाजवळ नुसतीच शंका. पंपाच्या पुढे फुटपाथ संपत होता आणि हमरस्ता सुरू होत होता. खाणीचे ट्रक त्या रस्त्याने सुसाट जायचे. त्या रस्त्यावर जुनी शाळा होती.

आता त्याला कळलं. मार्गो पहिलीत गेली तेव्हापासून शाळा हलेपर्यंत, ऊन असो की बर्फ, हेनी त्या शाळेसमोर रस्त्याच्या मधोमध उभी राहून पोरांना पलीकडे पोचवत असे. आता तिथे शाळा नव्हती, शेतीच्या यंत्रांचं गोदाम होतं. ट्रकवाल्यांना तिथे थांबायचं काही कारण नव्हतं.

आपला गुडघा वेळेत पोचणार नाही, हेही त्याला कळलं. या वेळी त्याने फोन काढला आणि लावला.

"माझी बायको," तो धापा टाकत म्हणाला, "जुन्या शाळेपाशी, हमरस्त्यावर आहे. तिला काही आठवत नाही. मीच तिला ट्रकमध्ये एकटी ठेवली होती. लवकर या."

वळण ओलांडताच लांबलचक हॉर्न ऐकू आला.

खडीचा एक अजस्र ट्रक रस्त्यात तिरका उभा होता. ब्रेकचे काळे पट्टे मागे दूरवर उमटले होते. आणि ट्रकसमोर, हातभर अंतरावर, निळ्या स्वेटरातली हेनी एक हात उंच करून ताठ उभी होती.

"अहो आजी, बाजूला व्हा ना!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता. "चिरडलं असतं ना मी तुम्हाला!"

"ओरडू नकोस," हेनी म्हणाली. "पोरं जाताहेत दिसत नाही?"

गेरिट तिच्याजवळ गेला. तिला ओढून न्यावं, मिठी मारावी, ओरडावं, सगळं एकदमच त्याच्या मनात आलं. तो तिच्या शेजारी उभा राहिला.

"किती राहिलीत?" त्याने विचारलं.

"एक राहिलाय. बारकासा आहे. बुटाची नाडी बांधतोय."

गेरिटने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने काय ओळखलं कोण जाणे, त्याने इंजिन बंद केलं. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. रिकाम्या रस्त्यावरून नाडी बांधणारा बारकासा सावकाश पलीकडे गेला.

"गेला," हेनी म्हणाली आणि तिने हात खाली घेतला. "चल. पाय ओले झालेत माझे."

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

घरी पोचल्यावर हेनीने जन्मभराच्या सवयीने सपाता बाहेर पायरीवर काढल्या, जवळजवळ, नीट जोडीने, आणि अनवाणी आत गेली. संध्याकाळी मार्गो आली. ती ओरडली नाही. स्वयंपाकघरात बसून बाबांचा हात धरून रडली, आणि गेरिटने वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी डार्लीनने त्याला बोलावलं. "मला सांगायचंस की रे मूर्खा," ती म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुला?" मग वाटेवरच्या डागांबद्दल प्रूडॉमबाईंचा फोन आल्याचंही तिने सांगितलं. गेरिटने गंज काढायचं औषध आणि ब्रश घेतला आणि गुडघ्याखाली पोतं ठेवून पांढऱ्या दगडांपासून पेट्रोलपंपापर्यंतचा एकेक ठसा घासून काढला. बेकरीवाल्याने त्याला कॉफी आणून दिली. कशाचे डाग, हे त्याने विचारलं नाही. गावाला कळलंच होतं.

पानं गळायला लागली तेव्हा हेनी होममध्ये होती. आधी काही दिवस ती गेरिटला ओळखायची, मग कधी ओळखायची, कधी नाही. एका दुपारी डार्लीन ट्रकच्या किल्ल्या न्यायला आणि घरी केलेला ॲपल पाय द्यायला आली. गेरिटने काम सोडलं होतं.

ती जाताना पायरीवर थांबली. करड्या सिमेंटवर दोन तांबूस ठसे होते. जवळजवळ, जोडीने.

"अरे, हे काय गेरिट? सगळ्या गावाचे डाग काढलेस आणि तुझ्याच दारात?" ती वाकून बघत म्हणाली. "ते औषध असेल ना तुझ्याकडे?"

"संपलं," गेरिट म्हणाला.

डार्लीनने मान वर केली. त्याच्या खांद्यामागे, पडवीतल्या फळीवर, औषधाची भरलेली बाटली दिसत होती.

"हो का," ती म्हणाली. मग ठसे चुकवून, बाजूच्या गवतात पाय टाकत खाली उतरली.