पाप गुडघ्याचं, नाव काट्याचं

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. वजनाचा. गोल तबकडी, एक सुई, पोटात स्प्रिंग आणि खाली लोखंडी हूक, एवढाच माझा संसार. तरुणपणी मी डहाणूच्या किनाऱ्यावर समुद्राची अख्खी लाट तोलली होती. ओली होती, म्हणून थोडी जास्त भरली. महालक्ष्मीच्या जत्रेत एका पैलवानाला असा उचलला, की तो अजून खाली उतरायचा आहे. हसताय? हसा. थापा मी मारतो आणि मारणारच. पण काटा मी कधी मारला नाही. तोलात फसवलं की लोक म्हणतात, 'काटा मारला'. आमच्या कुळाला लावलेला हा डाग मला साफ नामंजूर आहे.

माझी उमेदीची वर्षं बोर्डीतल्या एका चिकूवाडीत गेली. चिकूच्या पाट्या माझ्या हुकाला लागत, आणि माल घेणारा शेठ गप्पा मारता मारता पाटीला खालून हळूच गुडघा लावी. माल कमी भरे. पाप गुडघ्याचं, नाव मात्र काट्याचं! पुढे वाडीत बॅटरीवरचा चपटा काटा आला, लाल आकडे दाखवणारा, आणि मी अडगळीत गेलो. तिथं कामाला असलेल्या सुकऱ्यानं मला मागून घेतलं आणि तलासरीजवळच्या आपल्या पाड्यावर, दारातल्या चिंचेला टांगलं.

पाड्यावर माझा थाट काय वर्णावा! पोरं हुकाला लोंबकळत. सुकऱ्याची बायको शुक्री चांगली धिप्पाड. तीही बाजाराच्या दिवशी हूक धरून पाय उचली आणि सुई कुठवर गेली ते पोरांना विचारी. शेवटी त्यांचा कुत्रा, पोपट नावाचा, गोणीत बसून वर जाई आणि सगळ्या पाड्याकडे सरपंचासारखा बघे.

एका वर्षी भात झोडून झालं आणि माझी सुई मागं सरकू लागली. आधी पोपटाच्या वजनाला, मग शुक्रीच्या. पोपट खात होता, भुंकत होता; केस दाट, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळेना. शुक्रीला तर ना ताप, ना खोकला. मी दर बाजाराला सांगत राहिलो. सुकऱ्या म्हणायचा, "स्प्रिंग ढिली झालीय याची. वर शेठचं मीठ खाल्लंय, काटाच मारणार." शेवटी त्यानं मला भंगारात घालायचं ठरवलं.

उंबरगावचा भंगारवाला दिपक आला. सुकऱ्यानं त्याला माझा गुन्हा सांगितला, की म्हातारा झाला आणि कमी दाखवायला लागला. दिपकचा हात थांबला. त्यानं टेम्पोतलं वीस किलोचं माप आणून माझ्या हुकाला अडकवलं. माझी सुई विसावर गेली आणि तिथंच छाती काढून उभी राहिली.

"स्प्रिंग ढिली झाली तर लोंबते, भाई," दिपक म्हणाला. "सुई पुढं पळते, मागं नाय येत. हा बराबर आहे. तुझा कुत्राच घटलाय."

पोपटाला गोणीसकट गुरांच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, तर त्यात गोचीडताप दडून बसलेला. लवकर आणलात, वाचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी शुक्रीनं माझा हूक धरला, पाय उचलले आणि पोरांना पुन्हा आकडा विचारला. मग सुकऱ्याला म्हणाली, की उद्या सरकारी दवाखान्यात जायचं, स्वतःला दाखवायला. सुकऱ्या उखडला. कुत्र्याचं एक ठीक आहे, पण तू भाताची पोती उचलतेस, तुला कुठं काय दुखतंय? धडधाकट बाई दवाखान्यात गेली तर पाडा हसेल.

"दुखत नाय तोवरच जायचं," शुक्री म्हणाली. "कुत्र्याचा काटा खरा, अन् माझा खोटा? मी जाते एकटी. तू बस पोपटाजवळ."

सुकऱ्या गेला तिच्या मागोमाग, कुरकुरत. छातीचा फोटो काढला, तपासण्या झाल्या. फुफ्फुसाच्या एका कोपऱ्यात क्षयानं नुकतंच घर मांडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, की खोकला सुरू व्हायच्या आत आलात हे फार बरं केलं. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या, आणि बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडू नका. शुक्री मुळातच हट्टी. तिनं एकही गोळी चुकवली नाही.

औषधं संपली त्या बाजाराला ती पुन्हा माझ्याखाली आली. हूक धरला, पाय उचलले. माझी सुई जी पुढं धावली, ती जुन्या खुणेलाही मागं टाकून गेली.

सुकऱ्यानं तोंड वाकडं केलं. "आता मात्र स्प्रिंग ढिली झाली बघ याची."

"दिपकभाईला बोलव मग माप घेऊन," शुक्री लोंबकळतच म्हणाली. "तोवर मी उतरत नाय."

मित्रांनो, आजारही त्या शेठसारखाच असतो. गप्पा चालू असताना खालून हळूच गुडघा लावतो. तेव्हा माझी सुई मागं आली तर मला ठोकू नका, हलवू नका, भंगारात तर मुळीच घालू नका. खाली वाका आणि बघा, गुडघा कुणाचा आहे.