हौसाचा उजवा गाल

माझा थोरला दीर नाथाजी बैलांचा दलाल. जनावराच्या तोंडात बोट घालून वय सांगायचा, आणि औंधच्या यात्रेत त्याच्या शब्दावर सौदे व्हायचे. त्याच बोटानं त्यानं माझ्या हौसाचा बाप हिरावला.

मी विधवा होते. नाथाजीच्या धाकट्या भावानं, सयाजीनं, माझ्याशी पाट लावला तो सदुसष्ट साली. तो पलटणीत, म्हणून मी औंधला माहेरीच राहिले. पुढच्या वर्षी हौसा झाली. एकाहत्तरच्या लढाईत सयाजी गेला. पोर सहा वर्षांची झाल्यावर बापाच्या जमिनीला तिचं नाव लावायला मी पहिल्यांदा तिला तासगावकडे सासरी नेलं.

हौसा अंगानं थोराड. पुढचे दात नुकतेच पडलेले. नाथाजीनं गावच्या पंचांसमोर तिचा उजवा गाल ओढला, दाढा चाचपल्या आणि बोट धोतराला पुसलं.

"धा वर्साची हाय. पाटाला सात झाली. पयल्या नवऱ्याची पोर आमच्या गळ्यात बांधती व्हय?"

पंच हसले. हौसाच्या ओठाला रक्त आलं होतं. ते पुसताना मी ठरवलं, याला भर बाजारात तोंडघशी पाडायचं.

मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही गाल पाहिले, फोटो काढला. म्हणाले, "हिचं उजवं अंग डाव्यापेक्षा जास्त वाढतं. हात, गाल, जीभसुद्धा. त्या बाजूचे दात लवकर आलेत. डावीकडचे वयाप्रमाणे आहेत, अजून दुधाचे." तसं कागदावर लिहून दिलं.

कागद घेऊन मी लगेच गेले नाही. पौषातल्या यात्रेपर्यंत थांबले. त्या थांबण्यात मला सुख होतं, खोटं कशाला बोलू.

यात्रेत नाथाजी एका खोंडापाशी उभा होता. सासरच्या गावचे तेच पंचही तिथंच होते. मी हौसाला पुढं केलं.

"थोरलं भावजी, पोरीचं दात परत बघा."

"बघितल्यात की."

"उजवीकडचं. आता डावीकडचं बघा."

माणसं गोळा झाली, त्याला माघार घेता येईना. हौसानं आपणहून तोंड उघडलं. त्याचं बोट डाव्या गालात गेलं आणि थबकलं.

"किती वर्सं?" मी विचारलं.

"सा," तो पुटपुटला.

"आन् उजवीकडं?"

बोट उजवीकडं सरकलं. "धा."

"मग आर्धी पोर तुमच्या भावाची, आन् आर्धी कुणाची?"

सगळा बाजार हसला. मी कागद पंचांच्या हातात दिला. त्यातल्या आकारामअण्णांनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "नाथा, चुकलास गड्या. पोर सयाजीचीच. सोमवारी तलाठ्याकडं जाऊ."

नाथाजी बोट काढायला गेला. तेवढ्यात हौसानं उजवीकडच्या दाढा मिटल्या.

तो ओरडला. "सोड गं," असं तिला म्हणायला मी जरा वेळ लावला.