पाटीला हात

ओल्या मिठाची भरलेली पाटी एकटीनं डोक्यावर चढत नाही. खेप टाकून रिकामी आलेली बाई भरून थांबलेलीच्या पाटीला हात लावते, मग स्वतःची भरून मागून येणारीची वाट बघते. उरणकडच्या मिठागरावर बाया अशा एकमेकींच्या हातांवर चालत.

काशीच्या पाटीला मात्र सकाळपासून कुणी हात लावला नव्हता.

साल अठ्ठावन्न. काशीच्या वाड्यानं बुद्धाची दीक्षा घेतली त्याला दोन वर्षं होत आली होती. मिठागरावर तिची जात अजून जुनीच होती. माणसं कमी पडली म्हणून बुधाजी मुकादमानं तिला घेतलं, तेही बजावून, "आजचा दिस बघतो. मागं पडलीस त उद्या येव नको."

खाडीत मीठ न्यायला आलेला मचवा भरतीवर डुलत होता. ओहोटीच्या आत भरला नाही तर चिखलात बसणार. काशी पाटी ओढत बांधाच्या काठावर आणी, खाली गुडघे टेके, डोकं पाटीखाली सारून कशीबशी उठे. तोवर बाकीच्यांची पुढची खेप निघालेली असे. मानेवरून खारं पाणी ओघळे, चिरलेल्या टाचांत शिरे. बुधाजी दोनदा नुसता बघून गेला होता. तिसऱ्यांदा तो बोलेल, हे तिला कळत होतं.

ठमाबाई गाणं सांगत होती, बाकीच्या झेलत होत्या:

*भरली गो पाटी माझी, भरली काठोकाठ*
*हात लाव सये, मला हाय लांबची वाट*

ठमाबाई रिकामी परत येत होती. नजर खाडीवर, पाणी किती उतरलं त्यावर. बांधापाशी कुणी वाकलेलं दिसलं, आणि गाता गाता तिचे हात सवयीनं पाटीच्या कडेला गेले. पाटी काशीच्या डोक्यावर चढली.

गाणं तुटलं.

"आत्ये!" मागून आलेली तिची भाची तुळशी ओरडली. "कोनाला हात लावलास? जा, खाडीत बुडी मारून ये."

ठमाबाईनं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सकाळपासून खाऱ्या पान्यात उभी हाय. आनखी किती धुवू गो?"

तिनं आपली पाटी भरली आणि थांबली. आता हात लावायची पाळी तुळशीची. तुळशी हलली नाही. तिच्यामागे मनुबाई आली, तीही थबकली. "आता हिला कोन शिवनार?" कुणीतरी पुटपुटलं. बांधावर रिकाम्या पाट्यांची रांग लागली.

काशीच्या डोक्यावर ओझं होतं, वाट मोकळी होती. आत्ता निघाली तर दिवसात पहिल्यांदा ती सगळ्यांच्या पुढे असती. चार पावलं गेलीही. मचव्याच्या कडेला ओल्या चिखलाची काळी रेघ उघडी पडली होती. मागं ठमाबाई पाटीशी वाकून तशीच उभी होती, कुणाला हाक न मारता.

काशी वळली. पाटी खाली ठेवली.

"बाय, तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली आणि ठमाबाईच्या पाटीची कड धरली.

ठमाबाई गेली. काशी आपल्या भरल्या पाटीपाशी पुन्हा एकटी.

"काय मयत झालंय काय तिकडं?" बुधाजी बांधावरून धावत आला. "पानी चाल्लंय! मचवा रुतला त सगल्यांचीच सुट्टी!"

तुळशीनं मचव्याकडे पाहिलं. मग वाट चालणाऱ्या आत्याच्या पाठीकडे. दात-ओठ खात ती पुढे आली आणि काशीकडे न बघता तिच्या पाटीची कड पकडली. "उठ. बघतेस काय?"

"तुळशे!" मनुबाई म्हणाली. "आता तुझी कोन उचलनार?"

"तू. न्हायतर जा, चिखलातना मचवा उचल."

पाठीमागे कुणीतरी फिसकन् हसलं. मनुबाईनं कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि पुढे झाली.

मचवा सुटला तेव्हा त्याच्या तळाखाली वीतभरच पाणी उरलं होतं. तुळशी हात धूत होती, मनुबाई कुजबुजत होती; ही गोष्ट आज गावात पोचणार होती.

बुधाजी जवळ आला. काशीनं पदर घट्ट धरला.

"उद्या भरती उशिरा हाय," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "त्या हिशोबानं ये."

काशीनं मान हलवली. ठमाबाईला उद्या घरचे येऊ देतील का, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते विचारायचा धीर तिला झाला नाही.