खुडूक तांबडी

कनेरगाव नाक्याच्या आमच्या वस्तीत बर्ड फ्लू आला, तेव्हा घरोघरच्या कोंबड्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी निता, गावची आशा सेविका. अकरा वर्षं झाली या कामाला. सरकारी पथक येऊन सगळ्या कोंबड्या मारणार म्हटल्यावर लोक त्या पलंगाखाली लपवत, पोत्यात कोंबत. मी तोंड सोडायचे. "लेकरापेक्षा कोंबडी मोठी हाय का?" असं किती जणींना सुनावलं, गणती नाही.

आणि यादीत माझ्या घरापुढे मी शून्य लिहिलं.

माझी तांबडी कोंबडी नुकतीच खुडूक झाली होती. अंड्यांवर बसायला जागा शोधत घरभर फिरायची. धडधाकट होती, दाणे टिपत होती. माझा जीव धजेना. पथक यायच्या आदल्या दिवशी मी तिला टोपलीत झाकून नरसीला लेकीकडे, केतकीकडे पोचवलं. आमच्याकडे खुडूक कोंबडी चार घरची असते. जिच्याकडे ती बसेल तिच्याकडे शेजारणी आपापली अंडी आणून ठेवतात. म्हणून कुणी काही विचारलंही नाही.

सातव्या दिवशी दुपारी केतकीचा फोन आला.

"आई, अद्वैतला कालपासून ताप हाय. दूध बी पीत न्हाई. धापा टाकून राहिला."

अद्वैत माझा नातू, दोन वर्षांचा.

"कोंबडी कशी हाय?"

"परवाच मेली. काहून?"

मी घाईनं विचारलं, "त्यानं हात लावला होता का तिला?"

"दिवसभर तिच्यापाशीच राहायचा. मांडीवर घेऊन बसायचा."

खरं सांगते, आधी वाटलं, नुसता ताप म्हणून कुठल्याही दवाखान्यात दाखवावं आणि गप्प बसावं. नोकरी जाईल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण प्रशिक्षणात ऐकलेलं कानात घुमत होतं, औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं पाहिजे. त्यातला एक दिवस गेलाच होता. मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "ताई, तुम्हीसुद्धा?" आणि लगेच रुग्णवाहिका धाडली.

मी नरसीला पोचले तेव्हा पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं अद्वैतला गाडीत ठेवत होती. त्याच्या बरगड्या खालीवर होत होत्या. रडायचंही त्राण त्याला नव्हतं. केतकीला मास्क बांधून त्याच्याजवळ बसवलं. मला तिथवर जाऊ दिलं नाही.

गाडीभोवती केतकीच्या शेजारणी जमल्या होत्या. भिकाबाई नातीला कडेवर घेऊन पुढे आली. तांबडीखाली टोपलीत तिचीही पाच अंडी होती, रोज बघायला यायची. मेलेली तांबडी तिनंच उचलून उकिरड्यावर टाकली होती.

"काय झालं वो लेकराला?"

मी चार पावलं मागं सरले आणि तिला सांगितलं. आजार कुठला ते सांगितलं, आणि कोंबडी कुठून आली, कुणी आणली, तेही सांगितलं.

तिनं नातीच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि तो तिथून काढलाच नाही.